मनोरुग्णाच्या घरच्यांना आधार कसा द्यावा, हे कर्मचाऱ्यांना दोन दिवसांत कसं शिकवायचं?

नव्या परिचारिका आणि समाजसेवकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचंय, स्लाइडमध्ये काय टाकू, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरात बरीच वर्षं याच कामात आहे. स्लाइड कमी करा, एवढंच आधी सांगतो.

नवा होतो तेव्हा मी एका आईला वीस मिनिटं डोपामिन, म्हणजे मेंदूतलं एक रसायन, समजावलं होतं. मुलाला स्किझोफ्रेनिया. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते बराबर आहे भाऊ, पण रात्री हा उठून निघून जाते. कडी बाहेरून लावू का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून पहिला तास एकाच प्रश्नाचा ठेवा: "काल सकाळपासून रात्रीपर्यंत घरी काय काय झालं?" विचारायचं आणि गप्प बसायचं. मधेच कोणी म्हणेल, आधी ताजबागला, ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यात नेलं होतं. तिथे कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत. ताजुद्दीनबाबांनाच इंग्रजांनी नागपूरच्या पागलखान्यात ठेवलं होतं, हे लोकांना ठाऊक असतं.

दुसरा मोठा विषय 'ऐदी' या शब्दाचा. मुलगा दिवसभर लोळतो, अंघोळ करत नाही. बापाला तो आळस वाटतो, असतं आजाराचं लक्षण. सतत टोचून बोललं जातं किंवा अती जपलं जातं त्या घरांत आजार जास्त वेळा उलटतो, हे लंडनच्या वॉन आणि लेफ या संशोधकांनी 1976 साली दाखवलं. पण हे अर्धवट शिकवलं की कर्मचारी घरच्यांनाच दोष देऊ लागतात, मी पाहिलंय. त्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञ फॅलून यांच्या, घरच्यांना बोलायची रीत शिकवणाऱ्या पद्धतीतला सराव घ्या. एकाने बाप व्हायचं. "किती लोळशील?" ऐवजी "चार वाजता माझ्यासोबत दळण आणायला चल, मला बरं वाटेल" असं म्हणायचं. सोपं वाटतं ना? आमच्या एका अनुभवी सिस्टरांना तीनदा जमलं नाही, दरवेळी शेवटी "समजलं का?" यायचंच.

दोन दिवसांनंतर सगळं विरतं. शिकलेले लोक प्रत्यक्षात फार थोड्या कुटुंबांना भेटतात, हा इंग्लंडचाही अनुभव. प्रत्येकाला दोन कुटुंबं नेमून द्या आणि दर पंधरा दिवसांनी बसा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या, पण तो देऊन हात झटकू नका.

आणि घरचं माणूस शिकवायला बोलवा. हे विलायती खूळ नाही, अमृतसरला डॉ. विद्यासागर 1950च्या दशकात रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णासोबत ठेवत. आमच्याकडे त्या कडीवाल्या बाईच येतात. कडी त्यांनी लावलीच नाही, दाराला घुंगरू बांधलं आणि खाट दाराशी ओढली. ही युक्ती त्यांचीच, माझी नाही. तेवढं त्यांच्या मानधनाचं बजेटमध्ये आधीच लिहून ठेवा, त्यांची दिवसाची मजुरी बुडते.