सव्वा महिना अळणी

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं तो आजार) निघालं, तेव्हापासून त्यावरची लिथियमची गोळी चालू आहे आणि बऱ्यापैकी ठीक होता, दुकानावर बसायचा. दिवाळीनंतर परत झोप उडाली, चिडचिड सुरू झाली, मग आईनं शेजारच्या गावच्या देवऋषीकडे नेलं. त्यांनी बाहेरचं आहे सांगितलं, अंगारा दिला आणि सव्वा महिना अळणी, तेही एकच वेळ जेवायचं म्हणाले. गोळ्या चालूच आहेत. आता १५ दिवस झाले, हात थरथरतात, जुलाब होतायत, चालताना झोक जातो. आई म्हणते बाहेरचं निघतंय, त्रास होणारच. मी म्हणते हे सगळं बंद करा, त्यावरून रोज भांडणं. आईला कसं समजवू? (एक वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून अंकाची वाट बघण्यात अर्थच नव्हता, म्हणून संपादकांकडून नंबर घेऊन त्याच दिवशी तुम्हाला फोन केला आणि भावाला लगेच दवाखान्यात न्यायला सांगितलं. पुढचं बाकीच्यांसाठी लिहितो, कारण अशी घरं बरीच आहेत.

लिथियम हा एक क्षारच आहे आणि आपली किडनी त्याला जवळपास मिठासारखंच वागवते. जेवणातलं मीठ तोडलं की किडनी उरलेलं मीठ धरून ठेवायला लागते आणि त्याच्यासोबत लिथियमपण धरून ठेवते, म्हणजे गोळी रोजचीच पण रक्तातलं प्रमाण चढत जातं. एरवी ते साधारण ०.६ ते १.० असावं, तुमच्या भावाचं १.७ आलं. त्यात जुलाब, म्हणजे अजून पाणी आणि मीठ बाहेर. आईंना वाटत होतं काहीतरी निघतंय, खरं तर साठत होतं. डॉक्टरांनी गोळी थांबवली, सलाइन लावलं, आता कमी डोसवर परत सुरू केलीय. (अंगदुखीची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी मनानं घेतली तरी असंच होऊ शकतं, तेव्हा लिथियमवाल्यांनी मेडिकलमधून काहीही उचलू नये.)

आता दोष कुणाचा? देवऋषीला माहीत नव्हतं पोरगं लिथियमवर आहे, डॉक्टरला माहीत नव्हतं पोरगं अळणी खातंय. आणि डॉक्टरला सांगत का नाहीत, तर आम्ही डॉक्टर ओरडतो म्हणून. मी स्वतः एका आजीबाईंना नातवाच्या दंडातल्या ताईतावरून भर ओपीडीत झापलं होतं, त्या परत आल्याच नाहीत, आठ महिन्यांनी त्याची आई त्याला घेऊन आली तेव्हा पोराची हालत फार वाईट होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधीच विचारतो, बाहेरचं बघून घेतलंय का, काय सांगितलंय, खायचं काय बंद केलंय.

आईंशी देवावरून भांडू नका. देवऋषीनं त्यांना तासभर बसवून ऐकून घेतलं असणार, अख्ख्या घराला काहीतरी करायला दिलं असणार, आमच्याकडे पाच मिनिटं मिळतात आणि चिठ्ठी. तमिळनाडूतल्या एका देवळात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. औषध काही नाही, सोबत घरचं माणूस, थोडी झाडलोट, पूजा, साधारण सहा आठवडे मुक्काम, आणि त्रासाचा स्कोअर जवळपास २० टक्क्यांनी खाली आला. माणसं छोटी संख्या आहे आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावरून गोळ्या फेकायच्या नाहीत, पण आधाराचा गुण येतो हे मला पटतं. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात तर दवा आणि दुवा एकत्रच सुरू केलं, मुजावरच पेशंटला तिथल्या मानसोपचार डॉक्टरकडे पाठवतात.

पण त्याच तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली, पेशंट साखळीनं बांधलेले होते, २८ जण जळून गेले. म्हणून मारणं, बांधणं, चटके देणं दिसलं की तिथं समजावत बसायचं नाही, आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सरळ पोलिसात जायचं. देवाला जायला, नवस बोलायला त्या कायद्याची आडकाठी नाही.

तुमच्या घरात मारहाण नाहीये, भांडण मिठाचं आहे, तेवढंच भांडा. आईंसोबत तुम्ही स्वतः देवऋषीकडे जा, लॅबचा रिपोर्ट घेऊन जा, आणि म्हणा की डॉक्टरांनी मीठ तोडायचं नाही सांगितलंय, कौल लावून दुसरं काही सांगा. नवस बदलून मिळतो हो, मी कितीतरी घरात बघितलंय, मिठाच्या जागी गोड सोडायला सांगतात नाहीतर वांगं. पाणी भरपूर, जेवण दोन्ही वेळ, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा लेव्हल परत तपासायची, रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं, नाहीतर आकडा चुकीचा येतो. मध्येच रात्री-अपरात्री भावाची झोप उडून चिडचिड परत वाढायला लागली आणि काय करावं सुचलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

आईंनी फोनवर विचारलं होतं, अंगाऱ्याचं काय करू. कपाळाला लावा, पाण्यातून देऊ नका.