अण्वस्त्राची धमकी दिली की आक्रमकाला कुणीच अडवत नाही का?

अडवतात, पण धमकी कोणाची आहे ते बघून. १९९० मध्ये इराकच्या सद्दाम हुसेनने कुवेत गिळलं. त्याच्याकडे रासायनिक अस्त्रं होती, तरी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने माघारीसाठी १५ जानेवारी १९९१ ची मुदत घातली. ती टळताच बहुराष्ट्रीय फौजा तुटून पडल्या, कमरेला गॅस मास्क लावून. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये घुसलेल्या रशियाकडे मात्र अणुबॉम्बही आणि सुरक्षा परिषदेत ठराव अडवणारा नकाराधिकारही! महासभेत रशियाच्या निषेधाच्या ठरावावर १४१ विरुद्ध ५ मतं पडली (भारत तटस्थ), नाटो देशांनी शस्त्रं दिली, सैन्य उतरवलं नाही. बाकी भिस्त निर्बंधांवर. त्यांची झळ जळगावकडच्या आमच्या रावेरलाही लागली. केळीला घालायचं पोटॅश खत रशिया-बेलारूसकडूनही यायचं. गोणी १,७०० रुपयांवर गेली. दुकानदार म्हणे, "भाऊ, न्यायची तर आजच न्या."