गल्लीतले असलेलेच कॅमेरे सगळ्यांना मिळून वापरता येतील का?

गल्लीत दुकानं आणि दोन सोसायट्या धरून वीसेक कॅमेरे आहेत, नवे न घेता तेच सगळ्यांना बघता येतील का, असं तुम्ही विचारलंय. येतील. आमच्या गल्लीत चालू आहे, पण पहिल्या खेपेला आम्ही सपशेल आपटलो होतो.

तेव्हा सरळ आयडी-पासवर्ड वाटले. संध्याकाळी मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्यावर दहा मोबाइल लटकायचे, चित्र अडकायचं आणि गल्ल्यावर त्याचं यूपीआय फिरत बसायचं. १०८० पिक्सेलचा कॅमेरा साधारण ४ एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट) धरा. दहा जण बघायला बसले की ४०, आणि तेही त्या बिचाऱ्याच्या अपलोडमधून!

आता मध्ये एक जुना कॉम्प्युटर बसवलाय. तो प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र एकदाच ओढतो आणि पुढे वाटतो. बघणारे दोन असोत की पंधरा, दुकानदाराच्या लाइनवर भार एकाचाच. कुणीच बघत नसेल तर तोही नाही. बघायला सब-स्ट्रीम, म्हणजे कॅमेरा सोबत देतो ते कमी दर्जाचं हलकं चित्र, पुरतो, अर्ध्या एमबीपीएसच्या आसपास. मेन स्ट्रीम, म्हणजे पूर्ण दर्जाचं चित्र, ज्याच्या त्याच्या डीव्हीआरमध्येच (रेकॉर्डिंगच्या डब्यातच) राहू द्या. सगळं रेकॉर्डिंग एका जागी आणायच्या फंदात पडू नका, ४ एमबीपीएसने एकाच कॅमेऱ्याचे दिवसाला ४३ जीबी होतात.

कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी बहुतेकांत आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ, म्हणजे दुसऱ्या यंत्राला चित्र द्यायची सामाईक पद्धत, असतं, त्यावर भागतं. राउटरवर पोर्ट मात्र उघडू नका, म्हणजे कॅमेऱ्याला इंटरनेटवरून थेट वाट देऊ नका; व्हीपीएन, म्हणजे फक्त आपल्या लोकांसाठीची बंद वाट, वापरा. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरससारख्या प्रोग्रामने फॅक्टरीतले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर ढिगाने ताब्यात घेतले होते.

एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती: घड्याळं. स्कूटर चोरीला गेली तेव्हा किराणावाल्याच्या कॅमेऱ्यात ती ९:१२ ला दिसली आणि त्याच्यापुढच्या बेकरीच्या कॅमेऱ्यात ९:०५ ला. म्हणजे चोर उलटा गेला की काय, यावरच अर्धा तास वाद! सगळ्या डीव्हीआरना एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवायची सोय, लावून घ्या.

लाइव्ह चित्र आम्ही फक्त वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलंय. बाकीच्यांनी वेळ सांगून क्लिप मागायची, वहीत नाव लिहायचं आणि ज्याचा कॅमेरा त्याने हो म्हणायचं. समोरच्या काकूंची गॅलरी एका कॅमेऱ्यात येत होती, तेवढा भाग सेटिंगमधून काळा केला. काकू आधी खात्री करायला स्वतः केबिनमध्ये येऊन गेल्या, मगच सोसायटीच्या कागदावर सही दिली.