आकडा कुठल्या सालचा?

तुझं पत्र वाचलं. टीआरपी शिकवायला म्हणून इतके व्हिडिओ पाहिलेस, प्रत्येकात वेगळंच सांगितलंय, मग खरं कुणाचं? अरे, त्यातले बरेचसे खरंच सांगतायत, फक्त आपापल्या सालापुरतं.

म्हणून आकडा कुठल्या सालचा ते आधी बघ. व्हिडिओ कधी अपलोड झाला ते नव्हे. जुनी व्याख्यानं नव्या तारखेने पुन्हा टाकली जातात. आत मोजणाऱ्या संस्थेचं नाव कुठलं येतं ते ऐक. भारतातली रेटिंग्ज 'टॅम देते' (टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी जुनी संस्था) असं कुणी म्हणत असेल, तर व्हिडिओ 2015 च्या सुमाराचा किंवा त्याआधीचा. त्या वर्षी बार्क या नव्या मोजणी संस्थेचे आकडे सुरू झाले आणि मोजायची रीतच बदलली. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती घरातलं मीटर ओळखतं. टीव्हीसमोर कोण बसलंय, ते घरच्यांनी बटण दाबून सांगायचं. अमेरिकेतल्या व्हिडिओत प्रेक्षक काय पाहिलं ते कागदी डायरीत भरताना दिसले, तर तिथल्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीने टीव्हीसाठीच्या त्या डायऱ्या 2018 मध्ये बंद केल्या. आपल्या वृत्तवाहिन्यांची रेटिंग्ज तर ऑक्टोबर 2020 मध्ये थांबली आणि मार्च 2022 मध्ये परत आली. मधल्या काळातला व्हिडिओ त्या सालापुरता बरोबर, आज चूक.

'संकल्पना तर त्याच ना?' हे मला स्टाफरूममध्ये कायम ऐकवलं गेलं. काही आहेत त्याच. शंभर टीव्हीवाली घरं, चाळीस घरांत टीव्ही चालू, दहा घरांत तुझी मालिका: सगळ्या घरांच्या हिशेबात रेटिंग दहा, चालू टीव्हींच्या हिशेबात शेअर पंचवीस. हे जुन्या व्हिडिओतूनही खुशाल शिकव. पण मे 2025 मध्ये अमेरिकेत टीव्हीच्या पडद्यावर स्ट्रीमिंगचा वाटा प्रसारण आणि केबल यांच्या बेरजेच्याही वर गेला. आता 'चालू' कशाला म्हणायचं, तेच नव्याने ठरवावं लागतं. साल न सांगणारा व्हिडिओ मी वर्गात लावू दिला नाही. हेकेखोर म्हणाले, म्हणोत. नोकरीच्या मुलाखतीत दहा वर्षांपूर्वीची पद्धत सांगून पोरं पडेल चेहऱ्याने परत येतात, ते बघवत नाही मला.

निर्मितीच्या व्हिडिओंबाबत इतका कडक राहू नकोस. फ्लोअर मॅनेजर 'पाच, चार, तीन' मोठ्याने म्हणतो आणि पुढचे दोन आकडे नुसत्या बोटांनी दाखवतो, कारण तोवर माइक उघडा असू शकतो. दोन पात्रांमधून जाणारी 180 अंशांची काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडायची नाही. हे टेपच्या जमान्यातल्या चित्रणातही तितकंच स्पष्ट दिसतं. टेप लावण्याचा भाग तेवढा गाळ.

रेटिंगसाठी मात्र मोजणाऱ्या संस्थेने स्वतः जाहीर केलेली कार्यपद्धती आधी वाच, मगच व्हिडिओ शोध. आणि 'वेळ नाही' हे कारण मला देऊ नकोस. एवढे व्हिडिओ बघायला वेळ होताच ना? निवडलेल्या प्रत्येक व्हिडिओपुढे साल, संस्था आणि मोजण्याची रीत लिही. ती यादी मला पाठव, आपण मिळून बघू.