खाकी उतरली, आता मी कोण?

“आता मला कोण विचारतंय?” निवृत्त माणसांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ आहे: “नोकरी होती तोवर मी कोणीतरी होतो.” म्हणून एका एसटी कंडक्टरची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

निवृत्तीला आठ महिने झाले होते. पहाटे चारला उठायचे, आंघोळ उरकून स्टँडवर जायचे आणि गाड्या बघत बसायचे. बायकोनेच त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी आणलं.

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, सगळं सुचवून झालं. मूल्यांची यादी देऊन “महत्त्वाची वाटतात त्यांवर खूण करा” म्हटलं, तर सगळ्यांवर खुणा करून आणल्या. बरोबरच आहे, प्रामाणिकपणा नको असं कोण म्हणेल?

तिसऱ्या भेटीत यादी बाजूला ठेवली.

“नोकरीत असं काय करायचात, जे केलं नसतं तरी कुणी बोललं नसतं?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “सुट्टे.”

“म्हणजे?”

“सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे लिहून देतो ना आम्ही? माणसं विसरून उतरतात. मी त्यांचा स्टॉप यायच्या आधी सीटवर जाऊन द्यायचो. झोपला असेल तर उठवून.”

“का पण?”

“कुणाचं आपल्याकडे राहू नये, मॅडम.” आवाज एकदम ड्युटीवरचा झाला होता.

“हे एसटीनं शिकवलं?”

“छे! आईनं. उसनी आणलेली वाटीभर साखर ती शिगोशीग भरून परत करायची.”

“मग तेही खाकीबरोबर डेपोत जमा केलंत का?”

आठ महिन्यांत ते पहिल्यांदा हसले, असं बायको नंतर म्हणाली.

तेव्हापासून “केलं नसतं तरी कुणी बोललं नसतं, असं काय करायचात?” हा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येकाला विचारते, आणि तो क्वचितच फुकट जातो. आपली मूल्यं आपण विचार करून सांगायला गेलो की सुविचार सुचतात. त्यापेक्षा न सांगता काय करत आलात ते आठवा. कशाची चीड येते, तेही पाहा. दुसऱ्याने कामात केलेली हयगय बघून ज्याचा जीव वरखाली होतो, त्याला वेगळी यादी लागत नाही. आणि “मी कोणीच नाही” हा निकाल आधी मागे घ्या. १९५५च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस हेच सांगत: कृतीला मार्क द्या, अख्ख्या माणसाला नको. नोकरी संपते तेव्हा कृती करायची एक जागा जाते. दुसरी शोधावी लागते, आणि ती आयती मिळत नाही, हेही खरं.

या कंडक्टरांना ती गल्लीतल्या गणेश मंडळात मिळाली. वर्गणीचा पैन्‌पैचा हिशेब आता फळ्यावर लागतो. पोरं वैतागली आहेत म्हणे. स्टँडवर अजून जातात, पण रविवारी.

शेवटच्या भेटीत फी घेताना माझ्याकडे पन्नास रुपये सुट्टे नव्हते. पुढे कधी आलात की देते, म्हटलं. त्यांनी पावती उलटी करून माझ्यासमोर सरकवली.

“मागे लिहून द्या, मॅडम.”