‘संयुक्त राष्ट्र दिन’ की ‘राष्ट्रसंघ दिन’?

विचारणा अशी आहे: शाळेच्या फलकावर २४ ऑक्टोबरचा मजकूर लिहायचा आहे. ‘संयुक्त राष्ट्र दिन’, ‘संयुक्त राष्ट्रे दिन’, ‘संयुक्त राष्ट्रसंघ दिन’ आणि ‘राष्ट्रसंघ दिन’ अशी चारही रूपं वाचनात येतात. यांतलं कोणतं घ्यावं?

‘संयुक्त राष्ट्र दिन’ घ्यावं. ‘संयुक्त राष्ट्रसंघ दिन’ही चालेल. ‘संयुक्त राष्ट्रे दिन’ व्याकरणात बसत नाही. ‘राष्ट्रसंघ दिन’ मात्र कटाक्षाने टाळावं, कारण त्यात नुसतं रूप चुकत नाही, संस्थाच बदलते.

राष्ट्रसंघ म्हणजे लीग ऑफ नेशन्स. पहिल्या महायुद्धानंतर १० जानेवारी १९२० रोजी तो अस्तित्वात आला, त्याचं मुख्यालय जिनिव्हात होतं आणि एप्रिल १९४६ मध्ये त्याचं विसर्जन झालं. या तारखा नीट पाहिल्या तर लक्षात येईल की १९४५च्या ऑक्टोबरपासून, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ अस्तित्वात आल्यापासून, पुढचे काही महिने जुनी आणि नवी अशा दोन्ही संस्था एकाच वेळी कायद्याने हयात होत्या. त्यामुळे ‘१९४५ साली राष्ट्रसंघाने’ अशी सुरुवात केली की वाचकाला नेमका बोध होत नाही. ‘संयुक्त राष्ट्रसंघ’ हे लांबलचक नाव दुसऱ्या उल्लेखात आखडताना हाताला ‘राष्ट्रसंघ’ सहज येतं, आणि गोंधळ तिथेच होतो. आखूडच हवं असेल तर जुनं ‘युनो’ अधिक निर्धोक.

आता ‘राष्ट्र’ की ‘राष्ट्रे’. मूळ नाव अनेकवचनी आहे आणि ते संघटनेच्याही आधीचं आहे. १ जानेवारी १९४२च्या जाहीरनाम्यात जर्मनी, इटली, जपान यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या २६ देशांनी स्वतःला ‘युनायटेड नेशन्स’ म्हणवून घेतलं. नाव सुचवलं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी, आणि त्या देशांत भारतही होता. म्हणजे आधी देशांचं नाव ठरलं आणि मग त्यांनी उभारलेल्या संघटनेला तेच मिळालं. म्हणून मराठीत स्वतंत्रपणे लिहिताना ‘संयुक्त राष्ट्रे’ आणि सामान्यरूपात ‘संयुक्त राष्ट्रांचा, राष्ट्रांनी, राष्ट्रांमध्ये’ हे योग्य. ‘संयुक्त राष्ट्राने’ म्हटलं की एकच राष्ट्र उरतं. ‘संयुक्त राष्ट्रमध्ये’ तर मराठीच नव्हे, ती हिंदीची सवय आहे. मराठीत शब्दयोगी अव्ययापूर्वी सामान्यरूप व्हायलाच हवं.

मग ‘दिन’ जोडताना हे अनेकवचन कुठे गेलं? समासात पहिल्या पदाचा प्रत्यय गळतो. पुस्तकांचं प्रदर्शन ते ‘पुस्तक प्रदर्शन’, ‘पुस्तके प्रदर्शन’ असं कुणी म्हणत नाही. त्याच न्यायाने संयुक्त राष्ट्रांचा दिन तो ‘संयुक्त राष्ट्र दिन’. इथे ‘दिवस’ऐवजी ‘दिन’ का, तर पाळायच्या तिथीला मराठीत ‘दिन’ रुळलाय: प्रजासत्ताक दिन, शिक्षक दिन, महाराष्ट्र दिन.

‘संयुक्त राष्ट्रसंघ’बद्दल काटेकोर वैयाकरण हरकत घेतात, आणि ती हरकत रास्त आहे. ‘राष्ट्रसंघ’ जोडून लिहिला की ‘संयुक्त’ हे विशेषण संघाला लागतं. अभिप्रेत आहे तो संयुक्त राष्ट्रांचा संघ, राष्ट्रांचा संयुक्त संघ नव्हे. तरीही हे नाव मराठीत इतकं मुरलंय की ते चुकीचं ठरवण्यात अर्थ नाही. फ्रेंच नावातही ‘संघटना’ हा शब्द आहेच. शिवाय ‘संयुक्त राष्ट्रे अस्तित्वात आली’ या वाक्यात नवे देशच जन्मल्यासारखं वाटतं. अशा जागी ‘संयुक्त राष्ट्र संघटना अस्तित्वात आली’ असं लिहिणं मला सर्वांत स्वच्छ वाटतं.

फलकावर आणखी एक चूक हमखास दिसते: ‘२४ ऑक्टोबर १९४५ रोजी सनदेवर सह्या झाल्या.’ सनद म्हणजे संघटनेची घटना. तिच्यावर सह्या झाल्या २६ जून १९४५ला, सॅन फ्रान्सिस्कोत. भारतातर्फे रामस्वामी मुदलियार यांनी सही केली, त्यामुळे स्वातंत्र्यापूर्वीच भारत संस्थापक सदस्य झाला. सही म्हणजे अंमल नव्हे, मध्ये अनुसमर्थनाची, म्हणजे सही केलेल्या देशाने मायदेशी रीतसर मंजुरी देण्याची, पायरी असते. सुरक्षा परिषदेचे पाचही कायम सदस्य आणि सही करणाऱ्या उरलेल्या देशांपैकी बहुसंख्य यांचं अनुसमर्थन मिळालं, तेव्हा म्हणजे २४ ऑक्टोबरला सनद लागू झाली. म्हणून क्रियापद ‘लागू झाली’ किंवा ‘अमलात आली’ असंच हवं. हा दिवस पाळायचा ठराव सर्व सदस्य देशांच्या आमसभेने १९४७मध्ये केला.

‘संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला’ एवढंच लिहिणं पुरेसं नाही, हेही सांगायला हवं. ठराव आमसभेचा असेल तर तो सदस्य देशांसाठी साधारणपणे शिफारस असतो. सुरक्षा परिषदेचे निर्णय मात्र सनदेच्या २५व्या कलमानुसार सदस्यांनी पाळायचे असतात. कर्ता ‘आमसभा’ की ‘सुरक्षा परिषद’ हे लिहिलं की वाक्याचं वजन वाचकाला कळतं.

आमसभेनेच ठरवलेला २१ सप्टेंबरचा दिन वेगळा आहे. तो ‘आंतरराष्ट्रीय शांतता दिन’. १९८१च्या ठरावाने तो सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी पाळायचं ठरलं होतं, २००२पासून तारीख पक्की झाली. यातला ‘आंतर’ मराठीत दीर्घ ‘आ’ने लिहायचा, आंतरजातीय आणि आंतरशालेयसारखा. ‘अंतरराष्ट्रीय’ हे हिंदीतलं रूप.

फलकासाठी एवढा मजकूर पुरे: ‘२४ ऑक्टोबर, संयुक्त राष्ट्र दिन. १९४५ साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रांची सनद लागू झाली. भारत संस्थापक सदस्य.’