भेटायला नको, राहायला जा

प्रिय पोरी,

परवा तू येऊन गेलीस आणि तुझा तो कागद टीपॉयवरच विसरलीस. परदेशी निघण्याआधीचे दिवाळीचे अकरा दिवस, दोन रंग. नागपुरातच मनीषनगरचं सासर पिवळं, महालातलं माहेर हिरवं. मधल्या चौकोनांत अमरावतीची मावशी, यवतमाळचे काका, माहूरचं दर्शन, नवऱ्याच्या शाळासोबत्यांचं जेवण आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘बर्डी, खरेदी’. आमच्या घरी काकूंनी चष्मा लावून सगळा वाचला आणि विचारलं, “यात पोरगी झोपणार कधी?”

तुझा प्रश्न असा, की लक्ष्मीपूजन सासरी आणि भाऊबीज माहेरी हे तर ठरलंच, पण उरलेले नऊ दिवस कसे वाटायचे म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही. मी नुसतं हं-हं केलं, कारण तुझा नवरा खाली गाडी चालू ठेवून उभा होता आणि तू खुर्चीच्या टोकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होतीस. अशा बसलेल्या माणसाशी बोलता येत नाही. म्हणून हे पत्र.

परदेशी जावं की जाऊ नये, यावर मी बोलणार नाही. तीन वर्षांसाठी नेदरलँड्सला निघालात, चांगलंच आहे. आईवडिलांवर तुझं प्रेम आहे का, हाही विषय नाही. नसतं तर रंग कशाला भरत बसली असतीस? माझं म्हणणं एवढंच, की भेटायला जाऊ नका, राहायला जा.

भेटायला आलेला माणूस चपला दाराकडे तोंड करून काढतो. त्याच्यापुढे फराळाची ताटली येते, चांगल्या कपात चहा येतो आणि आई त्याला ‘बाकी कसं काय’ विचारते. स्वतःच्या पोरीला ‘बाकी कसं काय’! राहायला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी जुना गाऊन चढवतो, फ्रिज स्वतः उघडतो, नळ आले की उठतो आणि तिसऱ्या दिवशी आईशी भांडतो. भांडण झालं की समजायचं, पोचलो.

तुझ्या कागदात भांडायला जागाच नाही ठेवलेली.

आता माझं ऐक. थोडं तुला माहीत आहे, सगळं नाही. १९८९ साली मी आणि काकू मस्कतला गेलो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. दिवाळी करून निघायचं होतं आणि हातात बारा दिवस होते. माझ्याकडे तुझ्यासारखा रंगीत तक्ता नव्हता, खिशात एका वहीचं पान होतं. त्यावर एकतीस घरांची नावं होती आणि एकेक खोडत गेलो. धंतोली, इतवारी, जरीपटका, एक दिवस वर्धा, एक दिवस भंडारा. स्कूटरवर काकू मागे, तिच्या मांडीवर मिठाईचे डबे. रात्री दहाला घरी यायचो, आई ताट वाढायची आणि आम्ही म्हणायचो, “नको गं, तिकडे झालं.” बारा दिवसांत आईच्या हातचं रात्रीचं जेवण मी तीनदा जेवलो. हा आकडा मी नंतर काढला. तेव्हा कोण मोजतं?

बाबा रोज संध्याकाळी तोंड धुऊन, बंडी बदलून ओसरीवर बसायचे. मी बाहेर पडताना म्हणायचे, “बसतो का थोडा?” मी म्हणायचो, “आलोच बाबा.” मला खरंच वाटायचं, की आलोच.

त्या बारा दिवसांतला एकच फोटो आहे. शेजाऱ्यांच्या पोराने काढलेला. मी उभा, हातात स्कूटरची किल्ली. बाबा आपल्या वेताच्या खुर्चीत. शेजारी तशीच दुसरी खुर्ची आणि तिच्यावर आमची सूटकेस.

पुढच्या वर्षी सुट्टीवर यायचं ठरलं होतं. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि आखातात जो-तो म्हणू लागला, की आता गेला त्याची नोकरी गेली. मी थांबलो. १९९१ च्या जानेवारीत, लढाई सुरू झाली त्याच आठवड्यात, बाबा गेले. मी पाचव्या दिवशी घरी पोचलो. पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आलो, की युद्धामुळे गाठ पडली नाही. ऐकणारे मान डोलवायचे. आता तुला खरं सांगतो. मस्कतमध्ये एक फटाकासुद्धा वाजला नव्हता. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, आपल्याकडे यायला विमानं होती. मला यायचं झालं असतं तर येता आलं असतं. आणि समजा नसतंच आलो, तरी हातात १९८९ चे बारा दिवस होतेच की! ते कुणी सद्दामने खाल्ले नव्हते.

त्या खेपेला महिनाभर राहिलो. हो, राहिलो. दुपारी आई तुरीच्या शेंगा सोलत बसायची, सोल्यांची भाजी करायला. एका दुपारी शेंगांवरची नजर न काढता म्हणाली, “ती दुसरी खुर्ची यांनी तू येणार म्हणून विणून घेतली होती. दसऱ्यापासून त्या वेतवाल्याच्या मागे लागले होते.” एवढंच म्हणाली. पुढची शेंग घेतली. मला दोष देत नव्हती ती, नुसतं आठवलं म्हणून सांगत होती. पण हे ती दिवाळीच्या गडबडीत सांगू शकली नसती, आणि पत्रात तर नाहीच. अशा गोष्टी दुपारी तीनला निघतात, पाहुणे नसताना, हातात काही काम असताना. तुझ्या तक्त्यात दुपारचे तीन कुठेत? मी शोधले. प्रत्येक दिवशी त्या वेळी तू एकतर रस्त्यावर आहेस, नाहीतर कुणाच्या तरी दिवाणखान्यात.

आता हे वाचून असं समजू नकोस, की मी घर वाऱ्यावर सोडलं होतं. दर महिन्याला ड्राफ्ट जात होता. बहिणीचं लग्न त्यातच झालं, वरचा मजला त्यातच चढला. बहीण अजून अधूनमधून टोमणा मारते, की तुला पैसे पाठवायला जमलं. तिला मी एकदा विचारणार आहे, की कोणी पाठवायला हवे होते? असो. हे तुझ्या पत्रात कशाला आलं, कोण जाणे.

तू म्हणशील, सर, मावशी रागावेल. रागावू दे ना. मावशीला तू हवी असशील तर मावशी नागपूरला येईल. अमरावतीहून येणं काय कठीण आहे? भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महालातल्या गच्चीवर सगळ्यांना एकदम बोलव. चिवडा, अनारसे, चहा, झालं. ज्याला यायचं तो येईल. जो येणार नाही त्याला तुझा अर्धा तासही नकोच होता, मान हवा होता. मान फोनवर देता येतो.

आणि वाटणीचं म्हणशील, तर वाटणी करूच नका. आधी सलग सासरी राहा, मग सलग माहेरी, दोघंही. तू सकाळी इकडे आणि तो संध्याकाळी तिकडे, असं नको. अर्ध्या तासाचं अंतर आहे म्हणून रोज दोन्हीकडे टेकून येऊ म्हणाल, तर दोन्ही घरी पाहुणे व्हाल. पाच दिवस आणि सहा दिवस झाले म्हणून कुणी तराजू घेऊन बसलं, तर माझं नाव सांग. माझ्यावर रागावायची लोकांना सवय आहे. मला नातेवाइकांत तऱ्हेवाईक म्हणतात, कारण मी अर्ध्या तासासाठी कुणाकडे जात नाही. गेलो तर दोन रात्री राहतो. वर्ध्याची बहीण मी पिशवी घेऊन उतरलो की कपाळाला हात लावते, पण दुसऱ्या रात्री तीच अकरापर्यंत बोलत बसते.

माहूर मात्र खोडू नकोस. सासूबाईंच्या मनात रेणुकेचं दर्शन आहे तर जा, आणि त्यांना मागच्या सीटवर तुझ्याशेजारी बसव. काकू म्हणतील, हे सर आत्ताच तर फिरू नका म्हणत होते. पण गाडीत जाताना चार-पाच तास आणि येताना तेवढेच, कुणाला कुठे उठून जाता येत नाही. तेही राहणंच. फक्त वाटेत यवतमाळला काकांकडे ‘पाच मिनिटं’ थांबू नका. यवतमाळची पाच मिनिटं मला माहीत आहेत.

राहण्यात कामंही होतात, जी भेटीत होत नाहीत. तुझे बाबा रेल्वेतून निवृत्त, म्हणजे दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला आला. आता सरकारच्या ‘जीवन प्रमाण’ सोयीतून तो मोबाईलवर चेहरा दाखवून निघतो. तो तू पटकन काढून देऊ नकोस. मोबाईल त्यांच्या हातात दे. डोळे मिचकवा म्हटलं की ते घट्ट मिटून घेतील, चष्म्यावर उजेड येईल, चिडतील, मोबाईल आपटतील. एक अख्खी सकाळ जाऊ दे. पुढच्या नोव्हेंबरला तू तिथे असशील आणि ते एकटे करतील. बँकेचं आणि सहीचंही इथेच उरकून घ्या. तिकडे राहायला लागलात की साधं बचत खातं चालत नाही, एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करावं लागतं. मुखत्यारपत्र तिकडून करायचं तर वकिलातीत खेटे आणि मग तो कागद इथे आल्यावर मुद्रांकाची घाई. ही कामं नवऱ्याच्या गळ्यात घाल, त्याला तेवढीच गाडी चालू ठेवायची सवय सुटेल.

फोनचं आत्ताच ठरवा. हिवाळ्यात नेदरलँड्सवाले आपल्या साडेचार तास मागे असतात, उन्हाळ्यात साडेतीन. तुझे बाबा रात्री आठला जेवतात, तेव्हा तुझे दुपारचे साडेतीन, तू ऑफिसात. तू संध्याकाळी सहाला मोकळी होशील, तेव्हा इथे साडेदहा, बाबा घोरत असतील. जमणारी वेळ एकच, तुझी सकाळची साडेसात, म्हणजे इथली दुपारची बारा. आता मला सांग, दुपारी बाराला तुझी आई काय करत असते? बाबा कुठे असतात, घरात की बाहेर चौकात? तुला माहीत नाही. पुण्याला राहून पाच-सहा वर्षं झाली, कसं माहीत असणार? राहिल्याशिवाय कळणार नाही.

सामानाचं एकच सांगतो. आई तुपाची बरणी भरेल आणि बाबा आंबिया बहाराची संत्री टोपलीभर आणतील. युरोपात तूप-खवा आत नेऊ देत नाहीत आणि संत्री कागदपत्रांशिवाय नाहीत. हे त्यांना निघायच्या रात्री विमानतळावर सांगू नकोस. पहिल्याच दिवशी सांग आणि मग ती संत्री तिथेच बसून खा, त्यांच्याबरोबर. सालं गच्चीवर वाळत टाका, उटण्याला होतात.

तो कागद मी परत पाठवत नाही. मागच्या बाजूला काकूंनी वाण्याची यादी लिहिली आहे.

ती खुर्ची आमच्या गॅलरीत आहे. बाबांची मोडली, ही टिकली. फारसं कुणी बसलंच नव्हतं ना तिच्यावर. परवा तू जिच्या टोकावर बसली होतीस, तीच. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघं वीस मिनिटं पाया पडायला येणार आहात, असं तुझ्या कागदात लिहिलंय, दुपारी ४.१० ते ४.३०. येऊ नका. त्यापेक्षा अकरातली एक रात्र काढून मुक्कामालाच या, आणि आदल्या दिवशी फोन कर. काकूंना वडाभाताची डाळ भिजवावी लागते.

तुझा,
सर

ता. क. गाडी खाली बंद करून, कुलूप लावून वर यायला सांग त्याला.